परक्या ध्वजाखालचा स्वदेश

१९१९ साली एस्टोनिया स्वातंत्र्यासाठी झुंजत असताना फिनलंडचे सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक समुद्र ओलांडून त्याच्या मदतीस धावले होते. पाव शतकानंतर त्या ऋणाची फेड झाली.

१९४० मध्ये एस्टोनियाच्या शासनाने सोव्हिएत रशियापुढे जवळजवळ न लढताच शस्त्रे खाली ठेवली. फिनलंड मात्र लढला आणि लचका तुटला तरी स्वतंत्र राहिला. १९४१ मध्ये आलेल्या जर्मनांनी एस्टोनियाला स्वातंत्र्य दिले नाही; पुढे सक्तीची भरती तेवढी लादली. ती नाकारणारे तरुण लहान होड्यांतून आखात ओलांडून फिनलंडला पोहोचले. सुमारे ३,४०० जण तेथील सैन्यात दाखल झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांची २०० वी पायदळ रेजिमेंट उभी राहिली. ‘फिनलंडच्या स्वातंत्र्यासाठी, एस्टोनियाच्या सन्मानासाठी’ हे तिचे घोषवाक्य.

फिनलंडही तेव्हा जर्मनीच्याच बाजूने लढत होता, हे नाकारता येत नाही. संकटातील लहान राष्ट्रांच्या वाट्याला निष्कलंक पर्याय क्वचितच येतात. ऑगस्ट १९४४ मध्ये रशियन सेना पुन्हा दाराशी येताच बहुसंख्य सैनिक मायदेशी परतले. ज्यांची भरती चुकवली, त्याच जर्मनांच्या हुकमतीखाली त्यांना लढावे लागले. सप्टेंबरात ताल्लिन पडले. कित्येक धारातीर्थी पडले, कित्येक सोव्हिएत श्रमछावण्यांत गेले.

स्वातंत्र्याची पहाट उगवली ती १९९१ मध्ये. शासनाने वेळीच न उचललेले शस्त्र तरुणांना परक्या ध्वजाखाली उचलावे लागते आणि त्याचे मोल पिढ्यांना चुकवावे लागते, हाच या इतिहासाचा बोध.