रिफ्लेक्टर लावला, पण ट्रॉलीला ब्रेक आहेत का?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो. दोन, उलटलेल्या ट्रॉलीचा व्हिडिओ. रिफ्लेक्टर हवाच. पण तो मागून येणाऱ्याला ट्रॉली दाखवतो, ट्रॉली थांबवत नाही. हा फरक मला नीट समजला तो इथे टेक्सासमध्ये, मित्राच्या गॅरेजमध्ये त्याच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवताना.

ट्रेलर छोटा, एकाच अ‍ॅक्सलचा. मालासकट कमाल वजन २९९० पौंड, म्हणजे साधारण १३५६ किलो. हा आकडा असा विचित्र का? अमेरिकेत अनेक राज्यांत ३००० पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणून बिनब्रेकचे ट्रेलर जेमतेम त्याखाली ठेवून विकले जातात. टेक्सासमध्ये तर मर्यादा ४५०० पौंड आहे. म्हणजे कायद्याने गरज नव्हती. पण एकदा उतारावर मित्राने ब्रेक मारला आणि मागचा ट्रेलर गाडीलाच पुढे ढकलायला लागला. तेवढं पुरे झालं.

हे ब्रेक चालतात कसे?

चाकाच्या ड्रममध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की गाडीतला कंट्रोलर त्याला करंट पाठवतो. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्यासोबत थोडा ओढला जातो आणि एक दांडा हलवतो. तो दांडा ब्रेक शू ड्रमवर दाबतो. म्हणजे लागणारा बराचसा जोर चाकाच्या फिरण्यातूनच येतो.

बसवायला आम्हाला एक शनिवार लागला. जुने हब काढले, बेअरिंगला ग्रीस भरलं, ब्रेकची प्लेट चार बोल्टांनी अ‍ॅक्सलवरच्या फ्लँजला लावली. डावा-उजवा सेट वेगळा असतो. लहान शू पुढच्या बाजूला यायला हवा, आम्ही आधी उलटा धरला होता! वायरिंग सोपं: मॅग्नेटची एक वायर कंट्रोलरकडून येणाऱ्या निळ्या वायरला, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग कच्चं राहिलं की ब्रेक कमजोर लागतात.

फोन यात कुठे येतो?

आता ब्लूटूथवाले कंट्रोलरही मिळतात. गाडीच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचे आणि ब्रेक किती कडक लागावा ते अ‍ॅपमध्ये ठरवायचं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे फार आवडलं. पण ट्रेलर गाडीपासून सुटलाच, तर अ‍ॅप काय करणार? त्यासाठी ब्रेकअवे स्विच असतो. गाडीला बांधलेली केबल ताणली गेली की पिन निघते आणि ट्रेलरवरची १२ व्होल्टची छोटी बॅटरी थेट ब्रेक लावते. ना फोन, ना इंटरनेट. अख्ख्या किटमधला सगळ्यात साधा भाग, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग हेच किट गावच्या ट्रॉलीला?

नाही. आमचं किट १५९० किलोच्या अ‍ॅक्सलसाठी आहे. उसाच्या एकेका ट्रॉलीत कित्येक टन माल असतो, आणि मागे बऱ्याचदा दुसरी ट्रॉली. तिथे हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेकच हवेत, आणि तेही कारखान्यातून बसवून, तपासून आलेले. युरोपात शेतीच्या ट्रेलरच्या ब्रेकसाठी वेगळे नियम आहेत. आपल्याकडे मात्र रस्त्यावर अशा अनेक ट्रॉल्या दिसतात ज्यांना स्वतःचे ब्रेकच नाहीत. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर.

माझे काका असाच ट्रॅक्टर चालवतात. उतार आला की खालचा गिअर टाकतात आणि देवाचं नाव घेतात. दोष त्यांचा नाही. ब्रेकवाली ट्रॉली महाग पडते, आणि तो खर्च एकट्या वाहनमालकावर टाकला तर कोणी करणार नाही. ऊस कारखान्याचा, मग या खर्चात कारखान्याने आणि सरकारने वाटा का उचलू नये?

म्हणून पुढच्या वेळी उलटलेल्या ट्रॉलीचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी ग्रुपवर एकच प्रश्न टाका: ‘हिला ब्रेक होते का?’