आधी विजय, मग लोकशाही?

कामगारांच्या समाजवादी पक्षाला अंतर्गत लोकशाही परवडत नाही, असे मानणारे डाव्या चळवळीतच पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे असे : मालकाच्या बाजूला पैसा आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. अशा लढाईत वरून आदेश सुटावा आणि खाली तो पाळला जावा. मतदान आणि मतभेद विजयानंतर. असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तुरुंग भोगला आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

मुंबईचा 1928 चा गिरणी संप घ्या. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. गावची मनीऑर्डर थांबली, वाण्याची उधारी चढत गेली. सहा महिने उपाशी राहा, असा आदेश कोण कोणाला देणार? तिथे माणसाचा स्वतःचा होकारच लागतो. त्याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या जोडीला तिच्या अध्यक्षपदी अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले गृहस्थ होते.

संप मिटल्यावर युनियनने गिरणीगणिक समित्या बांधल्या. तोवर कामावर घेणे आणि काढणे मुकादमाच्या मर्जीवर चाले. आता बडतर्फीची, कापलेल्या पगाराची तक्रार कामगार आपल्याच खात्यातल्या माणसाकडे नेऊ लागला, आणि मालकांना सर्वांत जास्त खुपल्या त्या या समित्याच.

यावर आक्षेप येतो की समित्यांच्या उतावळेपणानेच 1929 चा संप बुडाला. हा आक्षेप घेणारे तारखा विसरतात. 20 मार्च 1929 रोजी सरकारने भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड होऊन युनियनचे प्रमुख पुढारी उचलले गेले. सार्वत्रिक संप एप्रिलअखेर सुरू झाला. समित्यांना तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. पुढारी गजाआड गेले तरी संघटना चालावी, इतके बळ त्यांच्यात यायचे होते. मग दोष कोणाचा? खाली सत्ता फार गेल्याचा, की ती पुरेशी मुरली नव्हती याचा? माझ्या मते दुसऱ्याचा.

पण लोकशाही म्हणजे नुसती हात वर करून मोजणी, असेही कोणी समजू नये. गिरण्यांच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार बरा, आणि तिथेच अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्या धोट्याचा विटाळ सवर्ण विणकराला चालत नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो संपाच्या मागण्यांत आला. याने एकजूट फुटेल, असे सांगणारे तेव्हाही होते. साचाखात्यात मत घेतले असते तर ही मागणी बहुधा पडलीच असती. म्हणून पक्षाची तत्त्वे बहुमताच्याही वर लिहिलेली हवीत, आणि अल्पमताला त्या तत्त्वांच्या आधारे उभे राहून बोलण्याचा हक्क हवा. ज्यांना धोट्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या दृष्टीने ती एकजूट मुळात नव्हतीच.

‘सध्या तात्पुरते’ या शब्दांना तर मी फार भितो. रशियन कम्युनिस्ट पक्षाने मार्च 1921 च्या दहाव्या काँग्रेसमध्ये पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. यादवी नुकतीच सरत होती, क्रोनश्टाटला बंड पेटले होते. कारणे खरी होती. ती बंदी मात्र उठलीच नाही, आणि पुढे तिचेच हत्यार करून स्टालिनने जुने बोल्शेविक संपवले.

शिस्त हवीच. ठराव झाल्यावर विरोधात मत दिलेल्यानेही संपाला उभे राहावे. पण ठराव होण्याआधी शाखेत मोकळी चर्चा हवी, चिटणीस निवडलेला हवा आणि त्याला परत बोलावता यावे, हिशेब सभेत वाचला जावा, उमेदवार शाखेने गुप्त मतदानाने ठरवावा, आणि म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाला काढू नये. कारखान्यात मालकाच्या हुकमाला विरोध करणाऱ्या पक्षाने आपल्या कचेरीत तोच हुकूम चालवला, तर कामगाराने त्याच्या समाजवादावर विश्वास का ठेवावा?

तुम्ही अशा पक्षाचे सभासद असाल, तर येत्या सभेत शाखेची शेवटची निवडणूक कधी झाली ते विचारा आणि हिशेबाची वही मागा.