बॅटरी संपली, लॅपटॉप नाही

चार्जर काढला की माझा लॅपटॉप दहा मिनिटांत बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, "सर, आता नवाच घ्या." मी फक्त बॅटरी बदलली. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की थकते. तेवढ्यासाठी चालता लॅपटॉप टाकणे ही फुजूलखर्चीच.

जुनी बॅटरी मात्र कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत दाबली गेली तर ती पेटू शकते आणि होरपळतो तो सफाई कामगार. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याची आपली. नवी बॅटरी घेताना नाशिककरांनी दुकानदाराला एवढेच विचारावे: "जुनी परत घेणार ना?"