गेटबाहेरची साक्ष

यंदा, म्हणजे २०२५ साली, ४ मेच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता नीटच्या केंद्रांची गेटं उघडली आणि कितीतरी मुलं डोळे पुसत बाहेर आली. फिजिक्सने घालवलं, बायो वाचूनच संपेना, टाइमच पुरला नाही, असंच जो तो सांगत होता. १८० मिनिटांत १८० प्रश्न. करोनाकाळापासून जादा प्रश्नांतून निवड करायची जी मुभा होती, ती यंदापासून बंद झालेली. त्यात चुकलेल्या उत्तरामागे एक गुण वजा. दोन-दोन वर्षं टेस्ट सिरीज सोडवून तयार झालेली मुलं म्हणत होती की असा पेपर आम्ही पाहिलाच नव्हता.

लातूरच्या एका केंद्राबाहेर तेव्हा आम्ही उभे होतो. समोरच्या फुटपाथवर एक मुलगी येऊन बसली. आईने पर्समधल्या रुमालाची गाठ सोडून तिच्या कानातल्या रिंगा तिच्या हातात दिल्या. तपासणीत दागिने चालत नाहीत म्हणून त्या दुपारी उतरवून घेतल्या होत्या. मुलगी चाचपडत रिंगा घालत होती, पण नजर मांडीवरच्या प्रश्नपत्रिकेवर होती. सोडून दिलेल्या प्रश्नांच्या आकड्यांभोवती तिने पेनाने गोल केले होते आणि ती ते पुन्हा पुन्हा मोजत होती. वडिलांनी विचारलं, ‘‘सहाशे होतील ना गं?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, पेपरच तसा होता.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘पेपर सगळ्यांना सारखाच असतो.’’

वडील खोटं बोलले नव्हते. त्यांच्या जिवाची घालमेलही आम्हाला दिसत होती. क्लासची फी, होस्टेल, मेस यांचा हिशेब डोक्यात ठेवूनच ते त्या उन्हात तीन तास थांबले होते. पण त्या एका वाक्याने मुलीचं बोलणं तिथेच थांबलं. ती पेपरबद्दल काही सांगत होती. घरच्यांनी ते तिच्याबद्दल ऐकलं. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय घ्यावा असं आम्हाला वाटलं, ते यासाठी.

कारण ती मुलगी बरोबर होती. १४ जूनला निकाल लागला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६ गुण होते. आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० गुण आधी ६७ जणांना आणि सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर १७ जणांना मिळाले होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर उतरली. म्हणजे पेपर खरोखरच तसा होता, आणि तो सगळ्यांनाच तसा गेला होता. बावीस लाखांवर मुलांनी परीक्षा दिली. त्यांतल्या बहुतेकांवर एकच प्रसंग आला होता, पण मे आणि अर्धा जून प्रत्येकाने तो आपल्या एकट्याचं अपयश म्हणून काढला. या दिवसांत घराघरांत काय काय बोललं गेलं असेल? किती मुलांनी जेवण टाकलं असेल, किती जणांनी फोन बंद करून ठेवले असतील? निकालाच्या दिवशी आकडे आले, पण त्या दिवसांची भरपाई कुणी केली नाही.

मुलांचं म्हणणं खरं ठरल्याची ही काही पहिली वेळ नव्हे. २०२४ सालचा पेपर सोपा गेला होता, मुलं हसत बाहेर पडली होती. ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या गडबडीत, निकाल आला आणि सहाशेच्या पुढचे गुण हातात असूनही मुलांना सरकारी कॉलेजची खात्री वाटेना. तेव्हा ७१८ आणि ७१९ या गुणांवर पहिल्यांदा बोट ठेवलं ते मुलांनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक, या हिशेबात एक प्रश्न सोडला तर ७१६ होतात आणि एक चुकला तर ७१५. मधले आकडे येतीलच कुठून? या साध्या प्रश्नामुळे १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण उजेडात आले, ते रद्द झाले आणि त्या मुलांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवावी लागली. पेपरफुटीचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि चौकशीचे धागे लातूरपर्यंत आले, हे आपण सारे जाणतोच.

आपल्या एमएचटी-सीईटीचंही तेच. यंदा २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रातली मुलं बाहेर येऊन सांगू लागली की गणिताच्या प्रश्नांना दिलेल्या चार पर्यायांत उत्तरच नाही. उत्तर येत नाही म्हणून पेपर चुकीचा ठरवतोस काय, हे ज्यांना घरी ऐकावं लागलं त्यांची बाजू थोड्याच दिवसांत खरी ठरली. पन्नासांपैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि ५ मे रोजी परीक्षा पुन्हा घेण्यात आली.

मुलांची प्रत्येक तक्रार खरी असते, असं आमचं म्हणणं नाही. ‘आमचीच शिफ्ट टफ होती’ हे तर सीईटीच्या जवळजवळ प्रत्येक सत्रानंतर ऐकू येतं. पण खरी तक्रार कोणती आणि थकल्या जिवाची कुरकुर कोणती, हे ठरवायला आधी ती ऐकावी लागते. सध्या ती ऐकणारी जागाच नाही. नीटच्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायची सोय आहे, पण त्यासाठी प्रश्नामागे २०० रुपये मोजावे लागतात, आणि पेपर अवाजवी लांब होता किंवा काठिण्यपातळी अचानक बदलली, हे सांगायला त्यातही रकाना नाही.

आमची मागणी साधी आहे. निकालाची वाट न पाहता, उत्तरपत्रिका तपासून झाल्या की प्रत्येक प्रश्न किती जणांनी सोडवला, किती जणांचा चुकला आणि किती जणांनी सोडून दिला, हे जाहीर व्हावं. हे काम अशक्य नाही. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर देशभरातल्या केंद्रांचे गुण दोन दिवसांत जाहीर झाले होते. ही माहिती वेळेवर हाती आली तर फुटपाथवरच्या त्या मुलीला पेपरबद्दलचं आपलं म्हणणं आकड्यांनिशी वडिलांपुढे ठेवता येईल. आणि वडिलांनाही, आम्हाला वाटतं, ते हवंच असेल. आपलं मूल कमी पडलं नाही हे कळण्याची इच्छा त्यांच्याइतकी कुणाला असणार?

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा यातली काही मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षातून घरी आलेली असतील, काही बीएएमएस किंवा बीएस्सीला. बरीच जण रिपीटर म्हणून पुन्हा लातूर-नांदेडच्या खोल्यांत राहायला गेलेली, चार दिवसांची सुट्टी घेऊन फराळाला आलेली असतील. भाऊबीजेला जमलेल्या माणसांत कुणीतरी ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न काढतोच. त्याऐवजी पेपर कसा होता, कुठे अडकलास, काय येत असून सुटलं, हे निवांत विचारावं. मुलं याबद्दल भरभरून बोलतात, आणि फार नेमकं बोलतात; आम्ही ते अनुभवलं आहे.

म्हणूनच या अंकातला एक विभाग आम्ही यंदा परीक्षा दिलेल्या मुलांकडे सोपवला आहे. पेपर दिलेल्या संध्याकाळी काय घडलं, एवढंच लिहा, असं त्यांना कळवलं होतं. कुणी पेपर सुटल्यावर खाल्लेल्या वडापावाबद्दल लिहिलं आहे, कुणी ओएमआरवर एक गोल सरकला आणि पुढचे सगळे चुकले त्याबद्दल, कुणी बसमध्ये आईशी अवाक्षर न बोलता केलेल्या प्रवासाबद्दल. गुण कुणीही कळवलेले नाहीत आणि आम्हीही विचारलेले नाहीत. भाषेवरून हात फिरवायचा मोह झाला, तो आवरला. लेख आले तसे छापले आहेत. कथा-कवितांकडे वळण्याआधी ते वाचावेत, ही विनंती.