तुरुंगातील शिक्षेची नोंद व घरच्यांचे कर्तव्य

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व अमळनेरच्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. म्हणून भिंतींआडचे ते शब्द जगास कळले. परंतु तुरुंगात आणखी एक लेखन चालते, ते शिक्षेच्या वहीचे. आणि ते खानदेशातील बंद्यांच्या कुटुंबांस अगम्यच राहते. ‘शिस्तभंग केला’ एवढा निरोप येताच घरची माणसे मान खाली घालून परततात. हे योग्य नव्हे. अपराध कोणता, तारीख कोणती, शिक्षा काय, हे नोंदविण्याचे बंधन 1894 च्या तुरुंग कायद्याच्या 51 व्या कलमानेच अधिकाऱ्यांवर घातले. अपराध गंभीर असल्यास साक्षीदारांची नावे, आणि फटक्यांची शिक्षा दिल्यास बंद्याचा बचाव व निर्णयाची कारणेही लिहिली पाहिजेत, असे त्यात म्हटले. माफीचे दिवस कापले गेले तर सुटका लांबते. तेव्हा ही नोंद क्षुल्लक कशी म्हणावी? 1979 साली सुनील बत्रा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने एका बंद्याचे पत्रच अर्ज मानिले आणि एकांतकोठडीसारख्या शिक्षांवर सत्र न्यायाधीशांची नजर ठेविली. सबब कुटुंबांनी बंद्यामार्फत वा वकिलामार्फत अपराध व तारीख विचारावी, तक्रार लेखी द्यावी, तिची प्रत जपावी, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतील माणसास तेथे वकील विनामूल्य मिळतो. आमचे व्यापारी बंधू खतावणीतील एका पैशाची चूक सोडीत नाहीत; मग माणसाच्या नावे पडलेली नोंद न तपासता का सोडावी?