वाडा, परात आणि बेलिफ : जप्तीतून सुटलेल्या वस्तूंची कहाणी

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये एक विलक्षण यादी आहे. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी बेलिफ दारात उभा राहिला, तरी कर्जदाराचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते यांना त्याला हात लावता येत नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिनेही सुटतात. मंगळसूत्र वाचते ते याच शब्दांनी. संहिता १९०८ ची. तेवढे पाहून काही मंडळी इंग्रजी राज्याच्या दयाबुद्धीचे गोडवे गातात. ही दया कोठून आली, हे मात्र ती सांगत नाहीत.

१८५९ च्या संहितेत जप्तीयोग्य मालमत्तेची व्याख्या ऐसपैस होती : जमीन, घरे, माल, पैसा, सारेच. पेशवाईतला सावकार संत होता असे मुळीच नव्हे; ऋणकोच्या दारात धरणे धरण्याची रीत त्याच काळातली. परंतु गावाला पुरते दुखावून त्याचे भागत नसे. नव्या व्यवस्थेत त्याच्या तगाद्यामागे सरकारी वॉरंट उभे राहिले. कुणबी न्यायालयापर्यंत पोहोचतच नसे, आणि हुकूमनामे एकतर्फी होत. आपण किती देणे लागतो, हे त्याला पुष्कळदा बेलिफाच्या तोंडूनच कळे.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काय घडले, ते पाहावे. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला. रक्कम दीडशे रुपये. त्यापायी देशमुखांचे घर सावकाराच्या हाती गेले आणि त्याने ते पाडण्यास आरंभ केला. लोकांच्या डोळ्यांदेखत नांदत्या घराचे वासे उतरू लागले. गावाने सावकारांशी व्यवहार तोडले, बहिष्काराचे लोण आसपास पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगा पेटला. पाठ्यपुस्तके ‘कर्जरोखे जाळले’ एवढ्यावर हा विषय मिटवतात. रोखे जळाले हे खरेच. पण ठिणगी पडली ती पाडलेल्या घरातून, हे सांगायला विसरतात.

दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, नवी संहिता आली. तिच्या कलम २६६ ने कपडे, कारागिराची हत्यारे, औते आणि उपजीविकेपुरती जनावरे जप्तीतून वगळली. त्याच यादीत आणखी एक वस्तू होती : शेतकऱ्याच्या मालकीच्या व राहत्या घराचे बांधकाम-साहित्य. वासे, तुळया, दगड, विटा. करड्याच्या वाड्यामुळेच हे शब्द लिहिले गेले, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल; संहिता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होती. तरीही ज्यांना केवळ दयाबुद्धी दिसते, त्यांनी त्या आधीची दोन वर्षे कोरी समजू नयेत.

शिवाय ती दया मोजूनमापून होती. किती बैल ‘आवश्यक’, हे न्यायालय ठरवणार. म्हणजे जो न्यायालयात उभाच राहू शकत नव्हता, त्याने तेथे जाऊन आपली जोडी सोडवून आणायची. आणि १८७७ च्या त्या कलमात स्वयंपाकाच्या भांड्यांचा उल्लेख नाही. अंगावरचे धोतर-लुगडे वाचले, चुलीवरचे भगुणे आणि भाकरीची परात वाचली नाही. ती १९०८ च्या यादीत दिसते.

१८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्याने थांबवले. स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन जप्तीतून सोडवली. सावकारांनी त्यातूनही वाट काढली. ते साध्या रोख्याऐवजी गहाणखत आणि खरेदीखत लिहून घेऊ लागले.

ही वाट पुढेही बुजली नाही. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ६० मध्ये एक पोटकलम घातले गेले : या सवलतींवर आपण पाणी सोडतो, असे कर्जदाराने लिहून दिले असले तरी तो करार निरर्थक. ज्याअर्थी स्वतंत्र भारताच्या संसदेला हे लिहावे लागले, त्याअर्थी कर्ज देतानाच ऋणकोकडून त्याच्या भांड्याकुंड्यांवरचा हक्क लिहून घेण्याची युक्ती धनकोंना ठाऊक होती.