नेत्रदान : दया नव्हे, सामाजिक ऋण

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदानाचा पंधरवडा पाळला जातो. फेऱ्या निघतात, संकल्पपत्रे भरली जातात. पण प्रत्यक्ष मृत्यूच्या वेळी घरात त्या कागदाची आठवण कोणालाच राहत नाही. सहा तासांची मुदत टळते आणि दोघा अंधांची दृष्टी चितेवर जळते अथवा मातीआड होते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास कष्टकऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियात डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे, पहिले यशस्वी रोपण केले. रुग्ण होता चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर. पटल मिळाले ते दुखापतीमुळे डोळा काढावा लागलेल्या एका मुलाचे. पुढे ओडेसाच्या डॉ. फिलातोव्ह यांनी १९३१ पासून मृतांची पटले वापरून हा मार्ग सर्वांसाठी खुला केला. मद्रासमध्ये १९४५ साली नेत्रपेढी निघाली. मुंबई राज्याने १९५७ साली या रोपणासाठी कायदा केला.

मिरजेला वैद्यकीय परंपरा आहे. डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ चे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. पण या नगरीभोवती उसाचा टापू आहे. उसाचे धारदार पाते डोळ्याला लागते, जखम चिघळते, बुबुळावर फूल पडते. मजुरी बुडेल म्हणून तोडणी कामगार दवाखाना टाळतो आणि डोळा गमावतो. हे अंधत्व दैवाचे नव्हे, व्यवस्थेचे आहे. तेव्हा संरक्षक चष्मा व तातडीचे उपचार ही साखर कारखान्यांची आणि मृताच्या घरी रात्री-अपरात्री पथक पोचविणे ही शासनाची जबाबदारी आहे. केवळ दात्यांच्या औदार्यावर हा प्रश्न सोडून चालणार नाही.

आपलेही कर्तव्य आहेच. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगटही जुळवावा लागत नाही. मग जातधर्माची बात कशाला? २००९ च्या गणेशोत्सवात दंगलीने होरपळलेल्या मिरजेत ही गोष्ट मोहल्ल्यामोहल्ल्यांत, गल्लीगल्लीत सांगितली पाहिजे. वय झाले, चष्मा लागला, मोतीबिंदू काढला, तरी नेत्रदान करता येते. अखेरची संमती नातलगांचीच लागते. म्हणून कार्यकर्त्याने संकल्पपत्रावर सही करून न थांबता घरच्यांना विश्वासात घ्यावे. समाजाने दिलेले समाजाला परत करण्याची ही शेवटची संधी आहे. ती आपल्या घरून तरी वाया जाऊ नये.